कागदातला हेम्प आणि वावरातलं बुटकं झाड

पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचे जुने इंग्रजी कागद चाळणाऱ्या प्रत्येकाला एक शब्द वारंवार आडवा येतो. तो शब्द म्हणजे 'हेम्प'. आपल्या मंडळातल्या तरुण मित्रांनी अलीकडे दोन-तीनदा असा निष्कर्ष काढला की 'इंग्रजांच्या काळात आपल्या गावात गांजा पिकायचा, हे बघा, लिहिलंय'. हा निष्कर्ष फोनवरून फिरतो, मग एखाद्या गावाचं नाव त्याला चिकटतं, आणि गाव हसण्यावारी जातं. कधी नुसतं हसण्यावारीही जात नाही, कारण गांज्याची लागवड हा आज दहा वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीचा गुन्हा आहे. म्हणून हा निबंध. त्यात थोडं वनस्पतिशास्त्र येणार आहे. मी पेशानं अभियंता, तेव्हा झाडाकडेही मी यंत्राकडे बघावं तसाच बघतो. एवढं सांभाळून घ्या.

आधी शब्द सोडवू. मध्य प्रांताच्या इंग्रजी कागदात 'हेम्प' नावाची निदान तीन झाडं आहेत, आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पहिलं 'सन हेम्प'. हे आपलं सण, कुठे ताग तर कुठे बोरू म्हणतात ते. पिवळ्या फुलाचं, शेंगा येणारं, वाटाणा-हरभऱ्याच्या कुळातलं. याच्याच एका प्रकाराला व्यापारात 'जबलपूर हेम्प' म्हणत. फोर्ब्स रॉयल याने 1855 साली हिंदुस्थानातल्या धाग्यांच्या झाडांवर जे जाडजूड पुस्तक काढलं, त्यात या जबलपूर हेम्पचं चांगलंच कौतुक आहे. कौतुकाचं कारण साधं होतं. क्रिमियाचं युद्ध चालू होतं, रशियाचा हेम्प बंद झाला होता आणि जहाजांना दोरखंड पाहिजे होते. दुसरं 'डेक्कन हेम्प'. ही आपली अंबाडी. जिची भाजी भाकरीबरोबर खातो आणि जिच्या सालीचे कासरे वळतात, ती. अंबाडीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे 'गांज्यासारखी जास्वंद'. पानाच्या बोटांवरून लिनियसने हे नाव दिलं. त्यामुळे गोंधळ कागदात नंतर शिरला असं नाही, तो थेट बारशापासूनचा आहे. आणि तिसरं 'इंडियन हेम्प', म्हणजे कॅनाबिस, आपला गांजा.

रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांच्या 1916 च्या जाती-जमातींवरच्या ग्रंथात कुमरावत, पटबिना, डांगुर अशी नावं एकत्र येतात. ही मंडळी 'हेम्प' पिकवणारी आणि त्याचं गोणपाट विणणारी. वाचणारा घाईत असला तर त्याला वाटतं, सापडले गांजावाले. तसं काही नाही. ते सण पिकवत होते. सण कुजवायचा, सडवायचा, साल सोलायची, त्याचा वास यायचा, म्हणून काही जाती त्या कामाकडे कमीपणाने बघत. पोळ्याला बैलांच्या नव्या वेसणी-कासरे वळायचे ते याच मालातून. तेव्हा नियम असा धरा : कागदात 'हेम्प'च्या पुढेमागे दोर, गोणपाट, फायबर, एकरी उतारा असं काही असेल तर ते सण किंवा अंबाडी. पुढेमागे अबकारी, परवाना, गोदाम, ड्यूटी असेल तर तो गांजा. आणि मालगुजारीच्या मोडी-मराठी वह्यांत तर हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे सण हा सण आहे आणि गांजा हा गांजा.

आता अबकारीच्या बाजूचा कागद उघडू. मार्च 1893 मध्ये विल्यम केन नावाच्या दारूबंदीवाल्या खासदाराने लंडनच्या पार्लमेंटात प्रश्न विचारला की बंगालात गांज्याने लोकांची नीती बिघडते त्याचं काय. प्रश्न बंगालापुरता होता, पण सरकारने सगळ्या हिंदुस्थानासाठी आयोग नेमला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सभासदांत आपल्याला जवळचा माणूस म्हणजे अँड्र्यू फ्रेझर. हा मध्य प्रांताचाच अधिकारी, छत्तीसगढ विभागाचा कमिशनर. पुढे बंगालचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला आणि फाळणीच्या वेळी गाजला, तोच. आयोगाने 1,193 साक्षी घेतल्या आणि 1894 मध्ये अनेक खंडांचा अहवाल दिला. बेताने घेणाऱ्याचं विशेष नुकसान होत नाही, सरसकट बंदी गरजेचीही नाही आणि शहाणपणाचीही नाही, लागवडीवर ताबा ठेवा आणि कर लावा, असा त्याचा सूर. हा भाग सगळ्यांना माहीत आहे. गांज्याच्या बाजूचे लोक तो एवढ्यासाठीच उद्धृत करतात आणि बाकीची हजारो पानं कोणी उघडत नाही.

त्या बाकीच्या पानांत आपल्या कामाची गोष्ट आहे. मध्य प्रांतात गांज्याची लागवड एकाच ठिकाणी होऊ दिली जात होती : निमाड जिल्ह्याची खंडवा तहसील. बाकी सगळ्या प्रांतात मना. बंगालात तसंच नवगावच्या भोवतालचं 'गांजा महाल' होतं. मुंबई इलाख्यात अहमदनगर हा मोठा जिल्हा. खंडव्याला परवान्यावर लावायचं, माल सरकारी गोदामात घालायचा, तिथून पास घेऊन ठोक व्यापाऱ्याने जिल्ह्याजिल्ह्यात न्यायचा, दुकानाचा लिलाव व्हायचा. खंडवा रेल्वेवर होतं, एका जागी पहारा ठेवायला सोपं होतं. ज्याला कर वसूल करायचा आहे त्याला शेत विखुरलेलं परवडत नाही. नळाला मीटर एकाच जागी बसवतात, तशीच ही व्यवस्था.

म्हणजे आयोगाच्या काळात आपली छिंदवाडा जिल्ह्यातली सौंसर तहसील, जिच्यात तेव्हा पांढुर्णाही आलं, ही गांज्याची पिकवणारी नव्हती. घेणारी होती. महाशिवरात्रीला चौरागढच्या महादेवाला जाणारी आणि श्रावणात नागद्वारीला जाणारी विदर्भातली माणसं याच वाटांनी चढत, त्यांच्या सोबतीने साधू-बैरागी चढत, आणि चिलीम त्यांच्याबरोबर चढे. शिवाय पांढुर्ण्याची जागा बघा. एका बाजूला वरुड म्हणजे वऱ्हाड, 1903 पर्यंत निजामाच्या मुलखातला आणि हैदराबादच्या रेसिडेंटच्या कारभाराखालचा. दुसरीकडे नरखेड-काटोल म्हणजे नागपूर जिल्हा. वर मुलताई म्हणजे बैतूल. जिथे दोन अबकारी कारभारांची शीव लागते तिथे दराचा फरक येतो, आणि दराचा फरक आला की रात्रीचं चालणं येतं. हे सांगायला आयोगाची गरज नाही, आजही आपल्या धुऱ्यावर दारूचं तेच चाललेलं दिसतं.

इथवर कागद झाला. आता वावरात जाऊ, कारण या विषयातली मला सगळ्यात विलक्षण वाटलेली गोष्ट तिथे आहे.

गांज्याचं झाड आणि युरोपातला हेम्प हे एकाच जातीचं झाड, पण दोघांची अंगकाठी उलटी. युरोपात धाग्यासाठी पेरायचे तो दाट, गव्हासारखा. शेजाऱ्याच्या सावलीतून वर निघायच्या धडपडीत प्रत्येक झाड सरळ, उंच, बिनफांदीचं, पेरं लांबलांब. साल जास्त, लाकूड कमी. धाग्याला तेच हवं. गांज्याचं झाड मात्र अंतर सोडून लावलेलं, फांद्यांनी भरलेलं, पेरं आखूड, खोड कडक लाकडी, आणि फुलांचे तुरे एकमेकांना चिकटलेले. इथे साल कमी, लाकूड जास्त.

हा फरक लेखी मांडणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एक आपल्या गोव्यात बसला होता. गार्सिया द ऑर्ता, पोर्तुगीज वैद्य, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात जाणं-येणं असलेला. त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक 1563 मध्ये गोव्यातच छापलं गेलं. त्यात 'बांग'वर एक संवाद आहे. समोरचा विचारतो, हा आपल्याकडचाच हेम्प ना? ऑर्ता म्हणतो, नाही. याचं बी लहान आणि तितकं पांढरं नाही. आणि आपल्या हेम्पला साल फार, लाकूड थोडं, इथे उलट. चारशे साठ वर्षांपूर्वीचं हे निरीक्षण आजच्या कृषी महाविद्यालयातही खपेल. गुजरातच्या बहादूरशहाचा एक किस्साही त्याने दिला आहे, की रात्री भांग घेतली की त्याला पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान सगळं फिरून यायला मिळे.

पुढे केरळात डच अधिकारी व्हान रीड याने 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ काढला. त्या कामात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट असे तीन कोकणी वैद्य होते, हे आपल्याकडे पुरेसं सांगितलं जात नाही. त्या ग्रंथात गांज्याची दोन चित्रं दोन नावांनी आहेत, आणि त्यातल्या एकाच्या नावाला 'चेरु' लागलेलं आहे. मल्याळमात चेरु म्हणजे लहान. मग 1785 च्या सुमारास फ्रान्सात लामार्कने हिंदुस्थानातून आलेले नमुने पाहिले, ते सोनेरा नावाच्या प्रवाशाने आणलेले, आणि ठरवलं की ही लिनियसची 1753 ची 'सटायव्हा' नव्हे, ही वेगळी जात. नाव दिलं 'कॅनाबिस इंडिका'. कारणं? झाड बुटकं, फांद्या जास्त, खोड कडक, धाग्याला निरुपयोगी, पानं एकाआड एक, आणि डोक्यात जाणारं. म्हणजे 'इंडिका' या नावाचा अर्थच मुळी आपल्याकडच्या त्या आखूड, झाडोऱ्या देहावर बसवलेला आहे.

आता प्रश्न असा की झाड बुटकं होतं ते जन्मतः, की केलेलं? याचं एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. माझ्या हिशेबाने इथे चार स्क्रू आहेत आणि चारही एकाच वेळी पिळले जात होते.

पहिला स्क्रू दिवसाचा. गांजा हे लहान दिवसाचं झाड आहे. रात्र पुरेशी लांबली की ते वाढणं सोडून फुलायला लागतं. युरोपात उन्हाळ्याचे दिवस सोळा-सोळा तासांचे, झाड ऑगस्टपर्यंत नुसतं वर जातं. आपण साडेएकवीस अंशांच्या आसपास. इथे जूनमधला सगळ्यात मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आतबाहेर. भर उन्हाळ्यातच दिवस तोकडा, आणि पावसाळा सरता सरता तो बारा तासांवर येतो. युरोपातलं बी इथे लावा, ते लहानपणीच फुलून बसेल. इथलं बी तिकडे लावा, ते आभाळाला भिडेल आणि थंडी पडेपर्यंत फुलणार नाही. आणि इथलं बी इथे, पण उशिरा लावलं, तर उंची आपोआप कमी. बंगालात रोप आधी वाफ्यात करून सप्टेंबरात शेतात लावत. म्हणजे शेतात आल्यावर झाडाला उंच व्हायला वेळच मिळत नसे.

दुसरा स्क्रू अंतराचा, तो वर आलाच.

तिसरा हाताचा. डेव्हिड प्रेन हा कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातला शास्त्रज्ञ. त्याने बंगालच्या गांज्याच्या शेतीवर 1893 मध्ये जो अहवाल लिहिला तो सरकारी कागद असूनही वाचनीय आहे. शेतकरी झाडाच्या खालच्या फांद्या छाटतात, जोर वरच्या फुलोऱ्यात जातो, असं वर्णन त्यात आहे. पऱ्हाटीचा शेंडा खुडणाऱ्या आपल्या माणसाला हे समजवावं लागणार नाही. शेंडा असेपर्यंत शेंडा बाजूच्या डोळ्यांना वर येऊ देत नाही. तो ऑक्झिन नावाचं द्रव्य खाली पाठवतो आणि डोळे दबून राहतात. शेंडा खुडला की डोळे सुटतात, झाड पसरतं, बोंडं वाढतात. तत्त्व एकच.

चौथा स्क्रू बियाण्याचा, आणि खरा इतिहास इथे आहे.

गांज्याचे नर झाड वेगळे, मादी झाड वेगळे. पराग वाऱ्याने जातो. मादीला पराग लागला की ती बी धरते आणि चीक कमी करते. न लागला तर तुरा वाढवत राहते, चिकाने भरते. म्हणून नर झाडं फुलायच्या आधी हुडकून उपटणं हे या शेतीतलं सगळ्यात जोखमीचं काम. बंगालात त्यासाठी खास माणूस असे, त्याला पोद्दार म्हणत, इंग्रज त्याला गमतीने गांजा-डॉक्टर म्हणत. तो शेतातून चालत जायचा आणि कोवळ्या कळीवरून नर ओळखून मोडत जायचा. एक नर सुटला तर आजूबाजूचं पीक बियांनी भरलं. भाव गेला. आता अभियंत्याचा प्रश्न : सगळे नर मारले तर पुढच्या वर्षीचं बी कुठून आलं?

उत्तर चुकीतून आलं. कुठलाच पोद्दार शंभर टक्के नर पकडत नाही. शिवाय परागाविना ताटकळलेल्या मादी झाडावर कधीकधी थोडी नर फुलं स्वतःहून येतात. त्यातून थोडं बी धरलं जातं. ते मळणीत गळतं, शेतकरी उचलून ठेवतो. आणि तो कुठल्या झाडाचं उचलून ठेवेल? ज्याचा तुरा घट्ट, ज्याला चीक चांगला, जे वाऱ्याने लोळलं नाही. म्हणजे निवड आईच्या बाजूने कडक, बाप अनोळखी. पिढ्यान्‌पिढ्या असं झालं की झाडाचा देह हळूहळू त्या निवडीच्या साच्यात बसतो. कागदावर कोणी 'ब्रीडिंग' लिहिलं नाही, पण झालं ते ब्रीडिंगच. जवारीचं चांगलं कणीस आधी कापून वेगळं टांगणारी आपल्याकडची बाई जे करत होती तेच. तिचंही नाव कुठे नाही.

गंमत म्हणजे या चुकीचं शास्त्र पुढे हिंदुस्थानातच झालं. दिल्ली विद्यापीठातले हो. यो. मोहनराम हे नावाजलेले वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी 1970 पासून गांज्याच्या झाडाचं लिंग द्रव्यांनी कसं बदलतं यावर काम केलं आणि 1982 मध्ये सहकाऱ्यासह दाखवलं की चांदीच्या क्षारांनी मादी झाडावर सुपीक नर फुलं आणता येतात. त्या परागापासून धरलेलं बी मादीच निघतं. आज अमेरिका-युरोपात 'फक्त मादी' म्हणून जे बियाणं चढ्या भावाने विकलं जातं त्याच्या मुळाशी हे काम आहे. दिल्लीच्या प्रयोगशाळेतलं काम तिकडचा धंदा झाला, आणि इकडे तीनच वर्षांनी कायदा आला.

कायद्याकडे जाण्याआधी तिकडचं बुटकेपण कुठून आलं ते सांगतो, कारण ते आपल्यापेक्षा फार वेगळ्या कारणाने आलं. 1960-70 च्या दशकात अमेरिका-युरोपातली पोरं अफगाणिस्तानमार्गे हिंदुस्थानात यायची आणि जाताना बी न्यायची. तिकडे पोलिसांचा ससेमिरा वाढला तशी शेती घरात शिरली. घरात शिरली की छत आलं. आठ-नऊ फुटांचं छत, त्यातून कुंडी वजा करा, दिवा वजा करा, दिव्याखालची मोकळी जागा वजा करा, झाडाला राहिले चार फूट. त्यात एकट्या दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो, म्हणजे उंच झाडाच्या खालच्या फांद्या उपाशी. अशा खोलीत आपलं लांब, बारीक पानाचं, उशिरा फुलणारं झाड निरुपयोगी. तिथे उपयोगी पडलं ते अफगाणी झाड. डोंगराळ, कोरड्या मुलखातलं, चरससाठी निवडलेलं, आखूड पेऱ्याचं, रुंद पानाचं, लवकर फुलणारं. कायद्याने झाडाची उंची ठरवली, असं म्हटलं तरी चालेल.

आणि मग नावाची अदलाबदल झाली. 1974 च्या सुमारास हार्वर्डच्या शुल्ट्स यांनी अफगाणी झाडांना 'इंडिका' म्हटलं. बाजाराने ते उचललं. आज तिकडच्या दुकानात 'इंडिका' म्हणजे बुटकं, रुंद पानाचं अफगाणी, आणि 'सटायव्हा' म्हणजे उंच, बारीक पानाचं, म्हणजे चक्क आपल्याकडचं. लामार्कने ज्याला पाहून 'इंडिका' म्हटलं तेच झाड आता 'इंडिका' राहिलं नाही! युरोपच्या मानाने बुटकं होतं म्हणून नाव मिळालं, अफगाणाच्या मानाने उंच ठरलं म्हणून नाव गेलं. इंटरनेटवर वाचून 'खंडव्याचा गांजा इंडिका की सटायव्हा' असा वाद घालणाऱ्यांनी आधी एवढं ठरवावं की कोणत्या सालचा शब्द वापरायचा. तिसरी एक जात 1924 मध्ये रशियात नोंदली गेली, रुडेरालिस. अगदीच खुजी, आणि दिवसाच्या लांबीची पर्वा न करता ठराविक वयाला फुलणारी. तिचा हा गुण मागे दबून राहणारा, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसणारा. तो आजच्या 'आपोआप फुलणाऱ्या' बुटक्या वाणांत आणला गेला आहे.

आपल्या भागाला बुटकेपणाचं ब्रीडिंग काही नवीन नाही, फक्त झाडं वेगळी. 1964 मध्ये सीएसएच-1 ही संकरित जवारी आली. दाणा भरपूर, पण ताट आखूड. जुन्या उंच जवारीचा कडबा बैलाला वर्षभर पुरायचा, हिचा पुरेना. जवारीच्या उंचीवर चार जनुकांचा ताबा आहे हे अमेरिकेत 1954 मध्येच दाखवलं गेलं होतं. त्यातल्या एकाचं काम ऑक्झिन खाली वाहून नेण्याशी जोडलेलं आहे हे 2003 मध्ये कळलं. म्हणजे पुन्हा तेच द्रव्य, जे पऱ्हाटीच्या शेंड्यात आहे. गव्हाचं आणि भाताचं बुटकेपण मात्र जिबरेलिन नावाच्या दुसऱ्या द्रव्याच्या वाटेने आलं. कापसात आता नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं दाट लागवडीचं तंत्र आहे. झाड आटोपशीर, फांद्या आखूड, ओळी जवळ, हलक्या जमिनीत एकरी झाडं जास्त. आपल्याकडच्या मुरमाड वावरांना ते जमतं की नाही यावर चहाच्या टपरीवर दोन मतं आहेत. बुटकेपणाची किंमत कोण देतो, हा प्रश्न मात्र दरवेळी वेगळ्या माणसावर येतो. जवारीत ती बैलाने दिली.

गांज्यात ती निमाडच्या शेतकऱ्याने दिली. 1961 च्या आंतरराष्ट्रीय कराराने पंचवीस वर्षांची सवलत दिली होती, ती संपत आली तेव्हा 1985 चा मादक द्रव्यांचा कायदा झाला आणि 14 नोव्हेंबर 1985 पासून लागू झाला. गांजा म्हणजे झाडाचे फुललेले वा फळलेले शेंडे, अशी व्याख्या. शेंड्याशिवायची नुसती पानं त्यात येत नाहीत, म्हणून मध्य प्रदेशात भांगेची सरकारमान्य दुकानं आजही चालतात. लागवड मात्र गुन्हा : दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. कायद्यात धाग्यासाठी आणि बियांसाठी परवानगी देण्याचं एक कलम आहे, पण तुऱ्यासाठी लावणाऱ्या, बी निवडत आलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही. शासनाच्या परवान्यावर निदान शंभर वर्षं जे पीक निवडलं गेलं ते शासनाच्याच कायद्याने थांबलं. गांजा चांगला की वाईट हा माझा विषय नाही. पण कुठलंही पीक असं संपतं तेव्हा बियाण्याबरोबर ते ओळखणारा डोळाही जातो, आणि डोळा कोणत्याच गोदामात ठेवता येत नाही.

बुटकेपण मात्र दुसऱ्या रूपाने परत आलं आहे. तुरीच्या, कपाशीच्या ओळींत लावलेली गांज्याची झाडं पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो. पुरुषभर वाढलेल्या तुरीत कमी उंचीचं झाड रस्त्यावरून दिसत नाही. एकीकडे छताने उंची ठरवली, इकडे तुरीने.

नोव्हेंबर 2019 मध्ये मध्य प्रदेश सरकारने औषधी आणि औद्योगिक वापरासाठी हेम्पच्या शेतीला परवानगी देण्याचा मनसुबा जाहीर केला, तेव्हा आपल्याकडे 'आता गांजा मोकळा' अशी हूल उठली होती. उत्तराखंडने 2018 पासून असे परवाने दिले आहेत, ते धाग्यासाठी, ज्यात नशेचं द्रव्य 0.3 टक्क्यांच्या आत असलं पाहिजे. त्या शेतीला लागणारं झाड उंच, सरळ, दाट पेरलेलं. फुलोऱ्याच्या झाडाच्या नेमकं उलट. ज्याला साडेचारशे वर्षांपूर्वी ऑर्ताने 'हे ते नव्हे' म्हटलं, तोच फरक आज परवान्याच्या कागदावर टक्क्यांत लिहिलेला आहे.

आता मंडळाच्या कामाचं. 2023 मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं, आणि नव्या जिल्ह्याचा इतिहास लिहायची घाई सगळ्यांनाच झाली आहे. त्या मसुद्यांतून 'येथे गांज्याचे पीक होत असे' हे वाक्य दोन ठिकाणी माझ्या वाचनात आलं. दोन्ही ठिकाणी मूळ इंग्रजी शब्द 'सन हेम्प' आहे. ही वाक्यं छापण्याआधी काढून टाकावीत आणि तिथे 'सण' लिहावं, अशी मी मंडळाला विनंती करतो. लोधीखेडा, मोहगाव, पिपळा नारायणवार या बाजूच्या जुन्या मालगुजारी घरांत वह्या असतील तर त्यातल्या सण आणि अंबाडीच्या नोंदी, किती शेर, कोणाला, कोणत्या कामाला, एवढ्याच उतरवून पाठवाव्यात. घराचं नाव द्यायची गरज नाही. मोडी वाचायला आपल्याकडे तीन जण आहेत, आणि पुढच्या बैठकीपर्यंत त्यांना वेळ आहे.